लॉरेन्सला गॅब्रिएलच्या ट्रकमधून नेलं तेव्हा

“लॉरेन्स माझ्याच गाडीतून जाईल,” गॅब्रिएल म्हणाला. “बावीस वर्षं झाली, ह्या इंजिनाने मला एकदाही रस्त्यात टाकलेलं नाही.”

हे तो लॉरेन्सच्या उशाशी उभा राहून बोलला. मयतासमोर तरी खोटं बोलू नये. त्या इंजिनाने त्याला वसई तालुक्याच्या झाडून सगळ्या रस्त्यांवर टाकलं होतं आणि एकदा तर नवरीसकट लग्नाच्या मांडवासमोर. पण दर वेळी लॉरेन्स यायचा, बॉनेटखाली डोकं घालायचा आणि गाडी सुरू व्हायची. त्यामुळे गॅब्रिएलच्या हिशेबी ती बंद पडलेलीच नसायची.

लॉरेन्स म्हणजे गावाचा फिटर. आयुष्यभर त्याने सगळ्यांचे पाण्याचे पंप, सायकली, इंजिनं नीट केली आणि आयुष्यभर सगळ्यांनी त्याला काळ्या हातांचा म्हणून पंगतीत कोपऱ्यात बसवलं. तो गेल्याचं कळताच ह्यांतलीच चाळीस माणसं इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून सातिवलीला हजर. आपल्याला माणसाचा मान ठेवायला तो आधी निपचित पडलेला लागतो. मी कुणाची भीड ठेवत नाही, त्या चाळिसांत माझे सख्खे नातेवाईकही होते.

गॅब्रिएल मात्र खरा रडत होता. सकाळपासून, त्याच्या ट्रकच्या रेडिएटरसारखा, थेंब थेंब आणि न थांबता.

लॉरेन्सचा मुलगा पीटर सातिवलीच्या एका कारखान्यात कामाला होता. शेवटच्या आजारात बापाला त्याने आपल्या खोलीवर आणलं होतं. आता त्याला रेल्वे फाटक ओलांडून, माणिकपूरच्या पुढे, आपल्या गावच्या चर्चमध्ये न्यायचं होतं. दफनाआधीची प्रार्थना, मिस्सा, चार वाजता. पाच वाजता फादरना दुसऱ्या गावी जायचं होतं आणि फादर घड्याळाचे कडक. चुकलं तर दफन उद्यावर. चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. मयत उद्यावर ठेवण्यासारखं नव्हतं.

“गॅब्रिएल अंकल,” पीटर म्हणाला, “विरारहून टेम्पो येतोय. नवा आहे.”

“नवा टेम्पो तुझ्या बापाला ओळखतो काय? माझ्या गाडीचा एकेक नट त्याने आवळलाय.”

“म्हणूनच सांगतोय. आता कोण आवळणार?”

गॅब्रिएलने पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला. लॉरेन्सची बायको तेरेसा कोपऱ्यात बसली होती. “जाऊ दे, पीटर,” ती म्हणाली. “नेऊ दे त्याला.”

पेटी ट्रकमध्ये ठेवली. तेरेसा आणि बायका पेटीभोवती बसल्या, पुरुष कडेने उभे राहिले.

त्या इंजिनाचं सगळ्यात मोठं दुखणं डिझेलच्या नळीत होतं. कुठून तरी तिच्यात हवा शिरायची. इंजिन चालू असेपर्यंत ती हवा कशीबशी पचवायचं, पण एकदा बंद झालं की पंपात डिझेलच पोचायचं नाही. मग लॉरेन्स पंपावर पान्याने तीन टोले मारायचा, कुठलासा एक स्क्रू दीड आटा सैल करायचा, हवा काढायचा आणि पुन्हा आवळायचा. कुठला स्क्रू, हे बावीस वर्षांत गॅब्रिएलने विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, लॉरेन्स होता ना. गाडी बंद करायची तारही कधीच तुटली होती. तिच्या जागी लॉरेन्सने सुतळी बांधून दिली होती. त्याची ताकीद एकच, सकाळी सुरू केलीस की संध्याकाळपर्यंत सुतळीला हात लावायचा नाही.

फाटकापर्यंत सगळं नीट झालं. सव्वातीनला ट्रक फाटकाशी आला आणि फाटक पडलं.

गावात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायचा मान अँजेलिनाचा. तिने एकदा सुरू केलं की फादरही मध्ये बोलत नाहीत.

“थांबलोच आहोत तर दहा नमो मारिया होऊन जाऊ देत,” ती पेटीजवळून म्हणाली. मग केबिनच्या पत्र्यावर थाप मारली. “गॅब्रिएल, बंद कर ते.”

“चालू राहू दे, बाय.”

“मयताच्या उशाशी हे धडधडतंय. देवाला काय ऐकू जाणार?”

“देवाचं देव बघेल. हे एकदा बंद केलं तर माझं ऐकायचं नाही.”

पांढऱ्या शर्टांत कुजबुज सुरू झाली. “इंजिन प्यारं आहे त्याला,” एक म्हणाला. “जिवंत होता तेव्हा राबवून घेतलं, आता दोन मिनिटं गप्प बसवत नाही,” दुसरा म्हणाला. हा दुसरा स्वतःचा पंप वर्षातून चार वेळा लॉरेन्सकडे आणायचा. पण गॅब्रिएलला ते शब्द लागायचे तिथे लागले. त्याने सुतळी ओढली.

इतकी शांतता झाली की पुढच्या घोडागाडीचा घोडा वळून बघायला लागला. नमो मारिया झाल्या. आगगाडी धडधडत निघून गेली. फाटक उघडलं.

गॅब्रिएलने सेल्फ मारला. इंजिन एकदा कण्हलं. पुन्हा मारला. ह्या वेळी कण्हलंही नाही. मागे एसटी, तिच्यामागे केळीचे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवायला लागले. तेव्हा गॅब्रिएलने बावीस वर्षांच्या सवयीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे हाक दिली.

“लॉरेन्स, उतर रे जरा.”

ट्रकमधल्या एका म्हाताऱ्याने छातीवर क्रुसाची खूण केली. सगळ्यांनी पेटीकडे बघितलं. मी त्यांना हसत नाही. तुम्हीही बघितलं असतं.

गॅब्रिएल उतरला, बॉनेट उघडलं, पंपावर पान्याने तीन टोले मारले आणि जो पहिला हाती आला तो स्क्रू सैल केला. तो तो नव्हता. डिझेलची चिळकांडी त्याच्या शर्टावर उडाली.

“पेटी खांद्यावर घेऊ,” पीटर म्हणाला. “वीस मिनिटं उरली आहेत.”

“कशाला? फाटक ओलांडून ढकला. दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो, लगेच उचलेल.”

हा “लगेच” त्याने तिथून चर्चपर्यंत अकरा वेळा ऐकवला. वसईची जमीन ताटासारखी सपाट, उतार औषधालाही नाही. पुरुष उतरले आणि ढकलायला लागले. दर शंभर पावलांवर गॅब्रिएल क्लच सोडायचा, ट्रक उचकी द्यायचा, मागे काळ्या धुराचा लोट सोडायचा आणि पुन्हा गप्प.

आमच्याकडे मयत दिसलं की सायकलवाला सायकलवरून उतरतो, टोपी काढतो आणि चार पावलं खांदा देतो. पण पेटी होती ट्रकमध्ये. खांदा द्यायचा कशाला? लोक ट्रकला द्यायला लागले. माणिकपूरच्या दुकानांतून माणसं उतरली, रिक्षावाले आले. केळीच्या वाडीतून परतणारा दयाराम सायकल थांबवून उभा राहिला.

“कोण गेलं?”

“लॉरेन्स फिटर,” पीटर म्हणाला.

दयारामने टोपी काढली. क्षणभर बघत राहिला. “आणि खांदा ट्रकला?”

“तूही दे.”

दयारामने सायकल कुंपणाला टेकवली आणि खांदा लावला. “माझ्या मते,” थोड्या वेळाने तो धापा टाकत म्हणाला, “आधी ह्याला पुरा.”

चर्चच्या फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फादर पवित्र पाणी घेऊन दारात उभे होते. मयताची घंटा वाजायला लागली. त्या आवाजाने गॅब्रिएल दचकला, क्लचवरचा पाय सुटला आणि इंजिन सुरू झालं.

असं सुरू झालं की मागचे साठ लोक तोंडावर पडले. ट्रक अंगणात शिरला. आता बंद करायचा धीर गॅब्रिएलला होईना. त्याने चर्चसमोरच्या क्रुसाला एक फेरी मारली. मग दुसरी. दोन्ही वेळा फादरनी पवित्र पाण्याचा हात उचलला आणि दोन्ही वेळा पेटी त्यांच्यासमोरून निघून गेली. तिसऱ्या फेरीला तेरेसाने केबिनवर मूठ आपटली.

“गॅब्रिएल, पुरे. उतरव त्याला.”

त्याने सुतळी ओढली.

मिस्सा झाली. पांढरे शर्टवाले रांगेत बसले होते, कोपरापर्यंत काळे, तोंडाला काजळी, आणि ते हात कुठे लपवावेत हे कुणाला कळत नव्हतं. असल्या हातांना त्यांनीच कोपऱ्यात बसवलं होतं. त्या दिवशी कोपरा पुरला नसता.

माती देऊन झाल्यावर गॅब्रिएल तेरेसाजवळ आला.

“माफ कर, वहिनी. उशीर झाला. पण माझ्याच गाडीतून जायची त्याची इच्छा असणार, म्हणून मी हट्ट धरला.”

“त्याने नको म्हणून सांगितलं होतं.”

“मग सकाळी बोलली का नाहीस?”

“तू किती रडत होतास.”

“काय म्हणाला होता?”

“म्हणाला, बैलगाडीतून न्या, हातगाडीवरून न्या, पण गॅब्रिएलच्या ट्रकमधून नको. तो वाटेत मला उठवेल.”

गॅब्रिएलने डिझेलने भिजलेला शर्ट अंगापासून जरा लांब धरला.

“एकदाच हाक मारली,” तो म्हणाला.