हद्दीकाका

कुणी गावाहून परत आलं की शेजारी प्रसाद मागतात, नाहीतर चिक्की मागतात. आमचे गजाकाका जंगलखात्याच्या पाटीचा फोटो मागतात. "अभयारण्य जिथं सुरू होतं ना, तिथली पाटी. आणि फोटो काढताना मधे उभे राहू नका." माझ्या सासूबाई केरळला जाऊन आल्या, तेव्हा त्यांनी जावयाच्या शेजाऱ्याचा मान राखून असा फोटो आणला. त्यात पाटी अख्खी होती, सासऱ्यांचं फक्त कोपर आलं होतं. काका खूश!

रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. काका धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. लग्न केलं नाही. "शिफ्टमध्ये राहून गेलं," म्हणतात. रिटायर झाल्यावर पुतण्याने जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यावर काकांना एक नकाशा सापडला. जगातली सगळी राखीव जंगलं त्यात आहेत. कुणीही फुकट बघावा, चूक दिसली तर कळवावी. काकांनी पहिल्याच दिवशी एक अभयारण्य अर्धं समुद्रात गेलेलं पकडलं. "हद्द झाली!" ते ओरडले. "वाघ काय पापलेट खातात?" त्यांनी कळवलं, नकाशावाल्यांनी रेघ सुधारली, वर आभार मानले. कंपनीत इतक्या वर्षांत कुणी मानले नव्हते. झालं, काका कामाला लागले.

"हद्द झाली" हे त्यांचं पेटंट वाक्य. दूध नासलं, हद्द झाली. गाडी लेट, हद्द झाली. केनियात वंजिरू नावाची एक बाई हेच काम करते. काका तिच्याशी भाषांतराच्या यंत्रातून बोलतात. यंत्राने हे वाक्य 'सीमा तयार झाली आहे' असं करून पाठवलं. ती बिचारी सबंध दिवस नवी सीमा शोधत बसली. उलगडा झाल्यावर इतकी हसली म्हणे, की आता त्यांच्या ग्रुपवर पेरूपासून फिलिपाइन्सपर्यंत सगळे "हद्द झाली" लिहितात.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या मनात आलं, की पेणच्या वाटेवरच्या एका वाडीची देवराई नकाशात घालावी. काळकाईची राई. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुणी कुऱ्हाड नेलेली नाही. दर रविवारी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून जायचं आणि वाट टिपणारा फोन हातात धरून राईच्या कडेकडेने फिरायचं. काटे, खाजकुयली, सगळं सोसून त्यांनी रेघ पुरी केली. ती पाठवणार, तेवढ्यात वंजिरूने विचारलं, "राई राखणाऱ्यांची परवानगी घेतलीस ना?"

काका ओशाळले. रविवारी आम्ही पार्वतीआजीकडे गेलो. ही वाडीतली सगळ्यांत म्हातारी. राईत दिवा लावायचा मान तिच्या घराकडे. काकांनी फोनवर रेघ दाखवली.

"ह्ये काय, गांडूळ?" आजीने विचारलं.

"तुमची राई हाय, आजी. आता सगळ्या जगाला दिसंल."

"जगाचं काय काम हाय तिथं? आमाला ठाव हाय ना राई कुठं हाय ती. मागं गाडीतून पोरं आली नि बाटल्या फोडून गेली. मीच येचल्या काचा. नाय टाकायची नकाशात."

मला वाटलं, आता काका वाद घालणार. हा माणूस वीतभर रेघेसाठी सरकारी खात्यांना पत्रं लिहितो. पण त्यांनी फोन खिशात ठेवला.

"बरं. नाय टाकत."

"आईची आण?"

"आईची आण."

आजीने मग आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढली. काका दोनदा आमटी मागून जेवले. घरी पोहोचल्यावर माझ्यासमोरच त्यांनी रेघ पुसली. वंजिरूने लिहिलं, "बरोबर केलंस. राई आजीची आहे." मलाच वाईट वाटलं. अख्खा हिवाळा गेला होता त्यात.

पुढच्या रविवारी मी निवांत पेपर वाचत होतो. बघतो तर काका बूट घालून दारात.

"सुहास, गाडी काढतोस ना?"

"आता कशाला काका? रेघ तर पुसलीत."

काका हेल्मेटच्या पट्ट्याशी खटपट करत राहिले. "आपण निघताना आजी म्हणाली, नकाशा नसला म्हणून काय झालं, येत जा. जेवायला येत जा म्हणाली." मग पट्टा लावून म्हणाले, "मला कोण म्हणतं रे असं?"

मी पेपर ठेवला. त्यांच्या हातातल्या पिशवीला सुक्या मासळीचा वास येत होता.

"बारीक जवळा घेतलाय," ते म्हणाले. "बोंबील घेणार होतो. पण आजीला दात नायत."