तक्रारीची मुदत

दामलेकाकांना कुठलंही दुःख सांगा, ते आधी तारीख विचारतात. "पाठ धरलीये" म्हटलं की "कधीपासून?" "बॉसने झापलं" म्हटलं की "कधी? लेखी की तोंडी?" टोकियोबाहेरच्या आमच्या इमारतीत गणपतीच्या जेवणानंतर कुणी आमटी खारट होती म्हणालं, तर काका शांतपणे म्हणाले, "हात धुतलेस ना? मग मुदत संपली."

काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. टोकियोतल्या तोयोसु भागात एका कंपनीत नोकरी. वीस वर्षं जपानात काढल्यामुळे इथले सरकारी कागद त्यांना तोंडपाठ.

गेल्या वर्षी आमच्या रेवाला सरकारी पाळणाघराने जागा नाकारली. माझ्या बायकोची, मानसीची, नोकरी त्यावरच अडली होती. पत्र जपानीत, नम्र आणि लांबलचक. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मी ते फ्रिजवर चिकटवलं. एका संध्याकाळी काका विरजण मागायला आले आणि फ्रिजपाशीच थबकले.

"हे कधी आलं?"

"झाले असतील दोन-अडीच महिने."

"'असतील' नको. पाकीट कुठाय?"

पाकीट रद्दीत सापडलं. त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून काकांनी बोटांवर दिवस मोजले. "तक्रारीला तीन महिने असतात. तुझे नऊ दिवस उरलेत. आणि हे बघ, जागा आईबापाच्या कामाच्या तासांवर ठरते, आणि मानसीचे तास अर्धेच धरलेत यांनी!"

विरजण राहिलंच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून काका आमच्याबरोबर नगरपालिकेच्या कचेरीत आले. खिडकीवरचा माणूस वाकला, काका त्याच्याहून खाली वाकले. मग इतक्या मऊ जपानीत भांडले, की मला वाटलं, दोघं एकमेकांची तब्येत विचारताहेत. अर्ज दाखल झाला. दीड महिन्याने चूक मान्य झाली आणि रेवाला जागा मिळाली.

मी पेढे घेऊन खाली गेलो. "काका, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

त्यांनी पेढे टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "आमची मुलगी, इरा, इथल्याच एका पाळणाघरात होती. तिथे गेल्यापासून बोलायचीच बंद झाली. तिला दिवसभर कोपऱ्यात बसवून ठेवायचे, हे फार उशिरा कळलं. बायको म्हणायची, तक्रार करा. मी म्हणायचो, प्रोजेक्ट संपू दे. शेवटी कचेरीत गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि मुदत संपल्याचं सांगितलं. मग बायको इराला घेऊन पुण्याला गेली, ती गेलीच. इरा आता कॉलेजात आहे. रविवारी फोन करते. जेवलात का, विचारते."



"एक विचारू?" काका म्हणाले. "इराला आणायला मी एकदाही गेलो नाही रे. रेवाला एखाद्या दिवशी मी आणलं तर चालेल?"

मानसीने पाळणाघराच्या फॉर्मवर त्यांचं नाव लिहून दिलं. पुढच्या बुधवारी काका तिला आणायला निघाले, तेव्हा मीही मागोमाग गेलो. सुटायला चाळीस मिनिटं होती, तरी काका इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. रेवा बाहेर आली. तिने आधी मला शोधलं, मी झाडाआड सरकलो. मग तिने काकांकडे नीट पाहिलं आणि त्यांचं बोट धरलं.