वानखडेकाकांचं एक मिनिट

वानखडेकाकांना स्वतःच्या छापखान्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नाही. यात काय विशेष, असं वाटेल. पण आमचा गट केवळ आपापल्या धंद्याबद्दल बोलण्यासाठीच होता.

दर बुधवारी सकाळी सात वाजता चिखली रोडवरच्या एका हॉटेलात बुलढाण्यातले पंचवीसेक व्यावसायिक नाश्त्याला जमायचे. एका धंद्याचा एकच माणूस, हा नियम. प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा, बाकीच्यांनी त्याला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, आणि मग टाळ्या. टाळ्या कशालाही वाजत. माईक सुरू झाला तरी वाजत.

काका लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे. पण आपल्या मिनिटात ते दुसऱ्याचीच जाहिरात करत. "ह्या डॉक्टरजवळ दात काढला तं बिलकुल दुखत नाही. दुखते ते बिल पाह्यल्यावर. पण जा!" स्वतःबद्दल का बोलत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपलं आपणच सांगाव काय? लाज वाटते बाप्पा."

मी घरांचे नकाशे काढते. इंग्रजी शाळेत शिकले, पुण्यात आर्किटेक्ट झाले, आणि गटातल्या पहिल्या बुधवारी उभी राहून फक्त नाव सांगितलं. पन्नास सेकंद उरले होते. शेजारून काका उठले.

"हे पोरगी असा नकाशा काढते, का भांडलेले दोन भाऊ एकाच घरात राह्यतात आन सालभर एकमेकांचं तोंड पाहा लागत नाही!"

असा नकाशा मी जन्मात काढला नव्हता. आठवड्याभरात साखरखेर्ड्याहून दोन भाऊ आले, वेगवेगळ्या मोटारसायकलींवर. ते माझं पहिलं काम.

दिवाळीनंतर एका डिजिटल प्रिंटिंगवाल्याने अर्ज केला. मशीन मोठी, आणि आमच्या हार्डवेअरवाल्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचे बॅनर त्याने फुकट छापलेले. पण छपाईची खुर्ची एकच, आणि तीवर काका. अध्यक्षांनी पडद्यावर वर्षाचा तक्ता दाखवला. काकांनी इतरांना मिळवून दिलेली कामं सगळ्यांत जास्त. काकांना मिळालेली, शून्य.

"काकांना आपल्या गटाचा फायदाच होत नाही," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "मग त्यांनी खुर्ची अडवून काय उपयोग? कोणाचं काही म्हणणं?"

ते शून्य आम्हीच सगळ्यांनी मिळून दिलेलं होतं. दातांचे डॉक्टर ताटलीत पाहत राहिले. माझ्या डोक्यात काकांच्या बाजूचं वाक्य तयार होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, चुका तपासून. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला अवघडायला नको म्हणून लगेच खिडकीकडे पाहू लागले. नव्या माणसासाठी हात वर झाले. मी हात वर केला नाही, आणि तोंडही उघडलं नाही. त्याला मी आठवडाभर प्रामाणिकपणा म्हणत होते.

टाळ्या वाजल्या. सवयीने काकांनीही वाजवल्या.

पुढच्या बुधवारी नाश्ता उरकून मी थेट छापखान्यात गेले. माफी मागायची होती. काका बिलबुकांचे गठ्ठे बांधत होते.

"ये वं. आज कोण कोण आलतं?"

मी नावं सांगितली.

"खायाले काय होतं?"

"पोहे."

"शेंगदाणे होते काय त्याच्यात?"

"होते. काका, तुमच्या धंद्याचं आता..."

"धंद्याचं काय घेऊन बसली! तो चालते." त्यांनी सुतळीची गाठ ओढली. "तुही काकू गेल्यापासून बुधवारचा नाश्ता तेवढा माणसांत होये. घरी मी पोहे भिजवतो, पण एका माणसाचे किती घ्याचे, ते अजून समजत नाही. रोज उरतात."

माफीचं वाक्य याही वेळी तयार होतं. "येते काका," म्हणाले आणि निघाले.

त्यानंतरच्या बुधवारीही काकांकडे पोहे उरले असतील. सात वाजता मी हॉटेलातच होते.