सर्वानुमते गॅस

पियुषला छातीत कळ येऊन कळमेश्वरच्या कारखान्यात भर पाळीत भोवळ आली आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर एक गंभीर प्रश्न उभा राहिला: लोकांना काय सांगायचं? बाकीचे प्रश्न, म्हणजे पोराला नेमकं झालं काय, तो वाचणार का वगैरे, डॉक्टरांकडे सोपवण्यात आले. ते त्यासाठीच शिकलेले असतात.

आपल्याकडे पेशंट डॉक्टरसमोर एकटा बसत नाही. ते बेवारशाचं लक्षण. पियुषबरोबर आई कुसुमताई, वडील कृष्णकांत, आत्या इंदूबाई आणि नागपूरच्या सदर बाजारातल्या दुकानाला कुलूप लावून आलेले दोन काका एवढा लवाजमा होता. हृदयाच्या डॉक्टर नंदिनी मॅडमनी पियुषला विचारलं, "काही नशा वगैरे?"

"चहासुद्धा दोनदाच घेतो," कृष्णकांत म्हणाले.

"सुपारीचं खांड नाही खाल्लं लेकरानं," इंदूबाईंनी पुस्ती जोडली.

पियुषनंही तोंड उघडलं होतं, पण त्याची पाळीच आली नाही. मॅडमनी मग सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि बऱ्याच वेळानं, पियुषला विचारून, एकट्या कुसुमताईंना आत बोलावलं.

"काकू, हा कॉलेजपासून पावडर घेतोय. एमडी म्हणतात तिला. इतकी वर्षं ताण सोसून हृदयाचा स्नायू सैल पडलाय, ठोके चुकतात. अजून वेळ गेलेली नाही. नशा पूर्ण बंद, गोळ्या रोज, मीठ कमी, आणि मी सांगेपर्यंत धावणं-नाचणं नाही. एवढं केलं तर सावरू शकतं. पण पुन्हा एकदा जरी घेतली, तर मला विचारू नका."

"फक्त शनिवार-रविवार घेत होतो, आई," पियुष म्हणाला. जणू हृदय फक्त सोमवार ते शुक्रवारच कामावर असतं.

कुसुमताईंना ती चिमुकली, चेन असलेली प्लास्टिकची पाकिटं आठवली. पँटच्या खिशात सापडायची. वर्षानुवर्षं त्यांनी ती धुऊन, वाळवून जपली होती. एकात शर्टाची बटणं, एकात वेलदोडे. दिवाळीला इंदूबाईंना केशरसुद्धा त्यांनी अशाच पाकिटातून दिलं होतं. पोरगा कंपनीतून काहीतरी कामाचं घरी आणतो, याचं त्यांना कौतुकच वाटत आलं होतं.

कुसुमताईंनी बाहेर येऊन घरच्यांना सगळं सांगितलं आणि हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तातडीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी इंदूबाई. विषय एकच: कारण निश्चित करणे. सावनेरच्या रितिकाशी पियुषचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलं होतं, त्यामुळे कारण चार लोकांत सांगता येईल असं हवं होतं. 'कामाचं टेन्शन' हा पहिला प्रस्ताव फेटाळण्यात आला. मुलीकडच्यांना नोकरी कच्ची वाटली असती.

"दारू सांगू न," धाकटे काका म्हणाले. "दारू लोकं समजून घेतात. आपल्या घराण्यात होऊन गेली."

या सूचनेवर सर्वांनी आदरानं विचार केला.

"मंग त्यायच्याकडचे त्याले बसायले बोलावतीन," मोठ्या काकांनी अडचण दाखवली.

"गॅस," इंदूबाई म्हणाल्या. "गॅस सगळ्यायले होते. गॅसनं आजवर कोणाचं लगन मोडलं नाही."

"अन् डॉक्टरीन म्हणते ते?" कुसुमताईंनी विचारलं.

"तिचं ती म्हणते वं. तिले आपल्या सोयऱ्यायले तोंड दाखवाचं हाय काय?"

गॅस सर्वानुमते मंजूर झाला. कुसुमताई गप्प राहिल्या, आणि बैठकीत गप्प राहणाऱ्याचं मत होकारात धरतात.

निदान मंजूर झालं की अंमलबजावणी आली. हृदयाच्या गोळ्या गॅसच्या गोळ्यांच्या बाटलीत गेल्या. भेटायला येणारे ओवा, हिंग आणि सल्ले घेऊन येऊ लागले. मॅडमनी मीठ कमी सांगितलं होतं. पण गॅसच्या पेशंटनं काळं मीठ घातलेलं ताक नाकारलं, तर संशय यायचा. म्हणून पियुष पाहुण्यांसमोर ताक प्यायचा, आणि पाहुणे दिवसभर यायचे. कुसुमताई मीठ वगळून नुसती जिरेपूड टाकायच्या. इंदूबाई चाखून वरून मीठ टाकायच्या.

पियुषचे पाय सुजले. इंदूबाईंनी घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला, तो भरून येईना.

"गॅस खाली उतरला," त्यांनी जाहीर केलं. "म्हंजे आता निंघून राहिला."

मॅडमकडे पुन्हा दाखवायचा दिवस आला. गॅससाठी हृदयाच्या डॉक्टरकडे जाताना कोणी पाहिलं तर, असा रास्त मुद्दा कृष्णकांतनी काढला. साक्षगंध आटोपल्यावर जाऊ, असं ठरलं.

विक्कीही भेटायला आला. शनिवार-रविवारचा सोबती तोच, हे पियुषनं आईला सांगितलं होतं. त्याला दारातून परत पाठवायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि घरात कारण एकच मंजूर होतं. त्यामुळे विक्कीला पोहे देण्यात आले.

साक्षगंध लॉनवर थाटात झालं. अंगठ्या घालून होताच डीजेनं जमीन हादरवायला सुरुवात केली. रितिकाची आई अंजनाबाई स्वतः पियुषला ओढायला आल्या.

"चला न जावईबापू."

"मले नाही जमत," पियुष म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काहून? गॅसच त हाय. नाचल्यानं मोकळा होते."

तर्क बिनतोड होता. सगळ्या घरानं मिळून तो पुरवला होता. पियुष थोडा नाचला, मग खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. विक्कीनं त्याच्या गळ्यात हात टाकला.

"चल भाऊ, गाडीपर्यंत जाऊन येऊ. फ्रेश होशील."

पियुषनं एकदा आईकडे पाहिलं आणि तो विक्कीबरोबर चालू लागला.

कुसुमताई उठल्या. डीजेवाल्याजवळ गेल्या. "बंद कर गा," म्हणाल्या आणि त्याच्या हातातून माईक घेतला.

"माह्या पोराले गॅस नाही. तो पावडर घेत होता. त्याचं हृदय खराब झालं. आता घेतली त मरन तो. विक्की, तुह्या गाडीत जे हाय ते तुह्या घरी ने. रितिका, बाई, तुले हे आधी सांगाले पायजे होतं. आमी सर्व्यायनं मिळून नाही सांगतलं. मी बी नाही सांगतलं."

कृष्णकांत आपल्या नव्या बुटांकडे पाहत राहिले.

"गॅस हिच्या डोक्यात चढला," इंदूबाई शेजारणीला म्हणाल्या.

रितिका स्टेजवरून खाली आली. तिनं पियुषला खुर्चीत बसवलं, त्याचे सुजलेले पाय पाहिले.

"लग्नाचं मंग पाहू," ती म्हणाली. "पहिले गाडी काढा."

गाडी येईपर्यंत कुसुमताई फाटकाशी उभ्या होत्या. आता कोण काय बोलतं, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. पहिल्या आल्या अंजनाबाई. पदर तोंडाशी धरून, हळूच.

"ताई, त्या डॉक्टरीनचा नंबर द्या न. आमच्यासाठी नाही. आमच्या गल्लीत एक पोरगा हाय." आणि बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या मोठ्या मुलाकडे गेली.

मग एक मावशी आली. तिला जावेच्या पोरासाठी हवा होता. मग कारखान्यातले साहेब. त्यांना एका मित्राच्या चिरंजीवांसाठी. विक्कीच्या आईनंही घेतला, भाच्याच्या नावानं. एवढ्या मोठ्या मांडवात स्वतःच्या घरासाठी नंबर मागणारं एकही माणूस निघालं नाही. नागपुरात शेजाऱ्यांची पोरं इतकी बिघडलेली आहेत, हे कुसुमताईंना त्या दिवशी कळलं.

पियुषला वेळेत आणलं, असं मॅडम म्हणाल्या. आणखी दोन दिवस ताक पाजलं असतं तर काय झालं असतं, तेही म्हणाल्या.

नंबर कुसुमताईंकडे अजून आहे. तुम्हीही मागा, त्या देतील. कोणासाठी हवा, हे मात्र त्या विचारत नाहीत. तुमचे शेजारी कसे आहेत, ते त्यांना तुमच्या आवाजावरूनच कळतं.