आधी पावणं, मग गिऱ्हाईक

दस्तगीरभाईंच्या किराणा दुकानात बसून मी कित्येक वर्षे गूळ, शेंगदाणे, खोबरे आणि खारीक खात आलो, असा साऱ्या पेठेचा समज होता. खरी गोष्ट अशी की त्यांतला एक कणदेखील माझ्या पोटात गेला नव्हता. तेव्हा हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. आज पन्नाशी उलटल्यावर ते लिहितानाही संकोच वाटतो. पण दस्तगीरभाईंविषयी लिहायचे आणि ही गोष्ट वगळायची, तर मग लिहायलाच नको.

त्यांच्या दुकानात खाण्याआधी पैसे देण्याची सोय नव्हती. कोणी घाईत नाणे पुढे केलेच, तर दस्तगीरभाई त्याच्याकडे असे पाहत, जणू तो पायताण घालून थेट बैठकीत आला आहे. ते नाणे तसेच पोत्यावर पडून राही. दस्तगीरभाई समोरच्याला फळीवर बसवीत, त्याच्या उजव्या तळव्यावर मागितलेल्या जिनसाची चिमूट ठेवीत आणि म्हणत, "आदी खावा, पावणं. मंग बोला."

"अहो, मला घाई आहे."

"घाई हाय तर चावा की जल्दी."

एकदा मी त्यांना विचारले, की अशाने दुकान चालते कसे? ते तागडी पुसत होते. "त्येचं आसं हाय," ते म्हणाले, "पैसं दिलं की मानूस गिऱ्हाईक हुतंय. जिन्नस त्येचा, मी त्येचा कोन न्हाय. पैसं द्यायच्या आदी जिन्नस माजा, आन मानूस माजा पावणा. येवडा येळच काय तो पावणा मिळतोय. त्यो बी सोडू व्हय?"

या पाहुणचाराचे कायदे कडक होते. उभ्याने खायचे नाही. डाव्या हाताने घ्यायचे नाही. आणि सर्वांत मोठा कायदा असा, की जिनसाविषयीचे मत तोंडात घास असेपर्यंतच सांगायचे. गिळून झाल्यावर केलेली स्तुती ते ऐकूनच घेत नसत. "तोंडात हाय तवर बोला," ते म्हणत. "गिळल्यावर मानूस लबाड हुतंय. भरल्या तोंडानं खोटं बोलाय येत न्हाय."

एकदा कोडोलीचे एक मास्तर मिरची घ्यायला आले. मिरचीही चाखावी लागते हे ऐकून ते हसले आणि पैजेने एक अख्खी मिरची चावून बसले. क्षणात त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दस्तगीरभाई शांतपणे समोर बसून होते. "बोला मास्तर, तोंडात हाय तवर बोला." मास्तरांनी दोन्ही हात वर केले. "दोन शेर म्हनत्यात पावणं," असे म्हणून दस्तगीरभाईंनी दोन शेर मिरची बांधली आणि वर गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

आमच्या पेठेतले एक वृद्ध गृहस्थ तर रोज दुकानाची प्रदक्षिणा करीत. डाळे, खारीक, काजू, बडीशेप असे सारे चाखून झाल्यावर ते अखेरीस मीठ तेवढे विकत घेत. लोक दस्तगीरभाईंना चिडवीत, "म्हातारं फुकट जेवून चाललंय, मामू." दस्तगीरभाईंनी त्यांना फक्त एकदाच अडवले. "आजोबा, मीठ चाखायचं ऱ्हायलं की!"

रोज्याच्या महिन्यातही हा क्रम मोडत नसे. स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेणारा हा माणूस समोरच्याच्या जबड्याकडे टक लावून बसे आणि विचारी, "गोड हाय न्हवं? मलाबी सांगा जरा." एरवी मात्र समोरचा खाऊ लागला की तेही तागडीमागच्या फडक्यातून काहीतरी काढून तोंडात टाकीत. दुकानदाराला लागलेली चटक, एवढाच आम्ही त्याचा अर्थ लावला होता.

आता माझ्याविषयी. मी दरबारच्या दप्तरात कारकून. आमच्या घरचे सोवळे कडक. आमच्या संस्थानचे महाराज कोणाच्याही हातचे मोकळेपणाने खातात, हे आम्हा दरबारी मंडळींना ठाऊक होते आणि आम्ही त्याचे तोंडभर कौतुकही करीत असू. ते कौतुक दुसऱ्याने करायच्या गोष्टीचे होते. पहिल्या दिवशी दस्तगीरभाईंनी माझ्या तळव्यावर गूळ ठेवला तेव्हा मी सबबी शोधू लागलो. मी म्हणालो, आज एकादशी. ते म्हणाले, "मंग गूळ चालतोय की." मी म्हणालो, दाढ दुखते आहे. ते म्हणाले, "काकवी चाटा." शेवटी मी हात तोंडाशी नेला, गाल फुगवला, जबडा हलवला आणि भरल्या तोंडाने बोलावे तसे बोबडे बोललो, "फार छान." गूळ मात्र बाहीतून कोटाच्या खिशात उतरला होता.

पुढे मी या कलेत निष्णात झालो. शेंगदाण्याला गाल किती फुगवायचा, खारकेला जबडा किती वेळ चालवायचा, याचा मला सराव झाला. दप्तरात माझ्या कोटावर मुंग्यांची रांग चढू लागली. साहेबांनी एकदा निरखून पाहिले आणि "मधुमेहाचं लक्षण तर नव्हे?" असे काळजीने विचारले.

आणि याच दुकानातून विकत घेतलेला गूळ मी घरी रोज पोळीशी खात होतो. ढेप तीच, हातही तोच. पैसे दिल्यावर तो गूळ मला चालत होता, पैसे देण्यापूर्वी चालत नव्हता. मध्ये पैसा आला की देणाऱ्याचा हात दिसेनासा होतो, ही सोय मी फार उशिरा ओळखली. त्या वेळी मला एवढेच वाटे, की मी कोणाचे मन न दुखवता धर्म सांभाळतो आहे.

खिशातला ऐवज मी देवळाजवळच्या बोळातल्या एका तांबड्या गाईला घालीत असे. त्यामुळे पुण्यही लाभते असा माझा हिशेब होता. गाईचा हिशेब वेगळा होता. ती माझा कोट ओळखू लागली.

चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर, दुकानात खोबरे घेणाऱ्यांची गर्दी होती. मी फळीवर बसून नुकताच एक तुकडा 'खाल्ला' होता आणि गाल फुगवून अभिप्राय देत होतो. एवढ्यात मागून कोटाला हिसका बसला. तांबडीने खिशात तोंड घातले होते. मी ओढले, तिनेही ओढले, आणि खिसा टर्रकन फाटला. पायरीवर गूळ पडला, शेंगदाणे पडले, तीन-चार दिवसांचे खोबऱ्याचे तुकडे पडले. माझा गाल अजून फुगलेलाच होता.

फळीवरचे सारे माझ्या खिशाकडे पाहू लागले. मग एकजण म्हणाला, "रावसाब, खिशाला दात आल्यात व्हय?" आणि सारे दुकान हसू लागले.

"हासताय काय?" दस्तगीरभाईंचा आवाज चढला. "गाईसाठनं मीच देतोय त्यास्नी. रोजचा नेम हाय आमचा. घ्या, खोबरं घ्या आन वाटंला लागा." ते खाली उतरले, सांडलेले सगळे वेचले आणि आपल्या हाताने गाईला भरवले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळीवर बसलो आणि सवयीने तळवा पुढे केला. त्यावर काही आले नाही. उलट दस्तगीरभाईंनीच आपला तळवा पुढे केला. "काय पायजे, रावसाब? पैसं द्या आदी."

त्या दुकानात जाऊ लागल्यापासून त्यांनी मला पावणं यावाचून दुसरी हाक मारली नव्हती. रावसाहेब तर मला सारे गाव म्हणते. मी पैसे दिले, गूळ घेतला. वजन चोख होते, बोलणे अदबीचे होते. त्यानंतर रोज तसेच होऊ लागले. मला हवे ते अखेर मिळाले होते: कोणी खाण्याचा आग्रह करीत नव्हते, सोंग करावे लागत नव्हते. असे असूनही त्या दुकानातून परतताना मला एखाद्या घरातून बाहेर काढल्यासारखे वाटे.

फाटलेला कोट घेऊन मी समोरच्या भिवा शिंप्याकडे गेलो. त्याने खिसा उलटा करून हुंगला. "ह्यो खिसा मी ह्याच्या आदीबी शिवलाय, रावसाब. तवाबी गुळानं चिकाटला हुता. काय आमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मी दचकलो. "दस्तगीरभाईंना सांगितलंस?"

"त्येला काय सांगायचं? त्येला पयल्यापास्नं ठावं हाय. मी म्हनलं, मामू, ह्यो बामन खात न्हाय, कशाला देतोस रं? तर म्हनला, आज न्हाय तर उद्या खाईल. पावण्याला ताटावरनं उठवायचं नसतंय."

"मग आता का उठवलं?"

भिवाने दोरा दातांनी तोडला. "चार मानसांत हासं झालं तुमचं. परत हातावर ठिवलं तर परत हासत्याल लोक. म्हनून देत न्हाय."

मी त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. दुपारची वेळ होती. पलीकडे दस्तगीरभाईंनी तागडीमागचे फडके सोडले. आत भाकरी होती. एक बाई डाळ घ्यायला आली. तिने दाणे तोंडात टाकले, तसा त्यांनीही भाकरीचा एक तुकडा तोडून खाल्ला. बाई गेली आणि त्यांनी फडके मिटले. मग बराच वेळ कोणी आले नाही. फडके मिटलेलेच राहिले. पुढे एक गाडीवान शेंगा चाखू लागला, तेव्हा पुन्हा एक घास.

"हेच जेवण?" मी विचारले.

"हेच की. प्लेगात गाव उठून माळावर गेलतं न्हवं का, तितं झोपडीत बायकू गेली त्येची, पाठोपाठ लेक गेली. तवापास्नं एकट्यानं ताटावर बसला की घास उतरत न्हाय. समोर कोन खात असंल तर उतरतोय." भिवा सुईत दोरा ओवीत म्हणाला, "गिऱ्हाईक कमी आलं की मामू उपाशी."

मी मनात पाहिले. मी रिकामा जबडा हलवीत असताना समोर हा माणूस मला सोबतीला धरून घास गिळत होता. आणि मी जेवत नाही, हे त्याला ठाऊक होते; म्हणजे माझ्यासमोरही तो एकटाच जेवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. पायरीवर खोबऱ्याच्या दिवशी हसणाऱ्यांपैकी दोघे होते. मी फळीवर बसलो.

"काय पायजे, रावसाब? पैसं—"

"पैसे आणलेले नाहीत."

"मंग काय न्यायला आलाय?"

"न्यायला नाही. खायला आलो आहे."

दस्तगीरभाईंनी तागडी बाजूला सारली. मग त्यांनी ढेपेचा एक खडा फोडला, माझ्यापुढे धरला आणि माझा हात कोठे जातो ते न पाहण्यासाठी मान वळवली.

"गूळ नको," मी म्हणालो. "ती भाकरी."

पायरीवरचे दोघे वळून पाहू लागले. दस्तगीरभाईंचा हात फडक्यावर थबकला. "पान्यात मळल्याली हाय, रावसाब," ते हळूच म्हणाले. विकत घेतलेला कोरडा जिन्नस चालेल, पण परक्याने पाण्यात मळलेले मुळीच चालणार नाही, हा आमच्या घरचा नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

"ठाऊक आहे."

त्यांनी भाकरी मोडली. मोठा भाग माझ्याकडे आला, वर लसणाची चटणी. मी सर्वांदेखत घास घेतला. चटणी जहाल होती, डोळे भरून आले, आणि या वेळी गाल फुगवावा लागला नाही. मी चावू लागलो हे पाहून त्यांनीही आपला तुकडा तोंडात घातला.

"कशी हाय, पावणं?" ते म्हणाले. "तोंडात हाय तवर बोला."

तोंडात घास असता बोलू नये, असे मला लहानपणापासून शिकवलेले. मी तसाच बोललो, आणि पायरीवरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"भाकरी चांगली आहे, दस्तगीरभाई. इतकी वर्षे मी तुमच्यासमोर रिकामे तोंड हलवले आणि तुम्हाला एकट्याने जेवायला लावले. मला माफ करा."