चिमटा काढणारे लिंबाजी सर

लिंबाजी सर भेटले की नमस्काराआधी चिमटा काढतात. तुमच्या हाताची कातडी दोन बोटांत धरायची, ओढायची, सोडायची आणि ती जागेवर यायला किती वेळ लागतो ते पुटपुटत मोजायचं. आमच्या प्राचार्यांनाही त्यांनी पहिल्याच भेटीत मोजलं. "साहेब, पानी लई कमी पिता," एवढाच शेरा.

परळीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकल शिकवतात, मी गणित. लोखंड-तांबं सोडून या गृहस्थांनी जनावराच्या कातड्याचा ध्यास घेतला. स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये चहाच्या दुधाशेजारी मिठाच्या पाण्यात बोकडाचं कातडं! मी एकदा भडकलो, तर म्हणाले, "कावून चिडता सर? दुधावर झाकण हाय की."

कॉलेजचं ताण मोजायचं यंत्र लोखंडी सळ्यांसाठी. कातड्याच्या पट्टीला त्याचा काटा हलेना. मग सरांनी पट्टी आढ्याला टांगली, खाली बादली बांधली आणि तिच्यात तांब्या-तांब्यानं पाणी ओतू लागले. पट्टी पकडीतून सटकायची आणि बादली सरांच्या पायावर. दोन आठवडे लंगडले. शेवटी पकडीला पॉलिश पेपर लावला, तेव्हा ती बसली.

"कातडं आधी ऐकून घेतं, मग आडतं, मग फाटतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सुरुवातीला थोड्या पाण्यातच पट्टी भरपूर लांबते, पुढे कितीही ओता, हटून बसते. उभी कापली तर एक तऱ्हा, आडवी कापली तर दुसरी. त्याचं समीकरण मांडायला ते माझ्या मागे लागले. मी नाक मुरडतच मांडलं.

हे सगळं बैलाच्या मानेसाठी. त्यांचा धाकटा भाऊ धर्मापुरीहून दरसाल बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातो आणि जुवाखाली बैलाची मान सोलून निघते. मानेचं कातडं किती ओढ सोसतं ते मोजून सरांना जुवाला नवी गादी करायची होती. भाऊ म्हणाला, "दादा, तुजं गनित चुकलं तर मान माझ्या हौश्याची जाईल."

म्हणून आधी परीक्षा. म्हातारपणानं मेलेल्या एका बैलाच्या मानेची पट्टी टांगली. समीकरण म्हणत होतं, अकराव्या तांब्याला तुटणार. सारा विभाग जमला. दहावा ओतला, काही नाही. अकरावा ओतला आणि फाट्कन पट्टी तुटली! नाक मुरडणारा मी बाकावर चढून ओरडत होतो. त्याच हिशेबानं गादी शिवली, कडा गोल, ओढ कातडं ज्या दिशेनं जास्त सोसतं त्या दिशेनं.

हंगाम संपून गाडी परतली, त्या दिवशी मीही धर्मापुरीला गेलो. भावानं जू उतरवलं. मान स्वच्छ! "दादा, केस बी गेला न्हाई!" गल्ली गोळा झाली, गुलाल उधळला, सरांना फेटा बांधला. शेजारचे गाडीवान तिथंच गादीचं माप मागू लागले.

सर मात्र हौश्याजवळ गेले. मानेला चिमटा काढला, सोडला. या वेळी काही मोजलं नाही. गुलालानं माखलेला गाल त्यांनी त्याच्या मानेवर टेकवला आणि हळूच मला म्हणाले, "मी धा वर्साचा होतो सर. आमच्या ढवळ्याच्या मानंला जखम होती. मला दिसत होती. तरी मी आसूड वडला. त्यो बिचारा ऐकून घेत गेला."