ॲडमिशनची खिडकी

लेकीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते, पण कुलुपवाल्यांच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. मार्क कमी पडले म्हणून नव्हे, फार पडले म्हणून. डॉक्टरकीच्या चौदा कॉलेजांपैकी ती कुठेही जाऊ शकत होती, आणि अर्जात रकाने पाचच होते. पसंतीच्या क्रमानं पाच नावं लिहायची होती आणि शनिवारी संध्याकाळी अर्ज बंद होणार होता. मार्क बेताचे असते, तर मिळेल त्याला नमस्कार करून सगळे मोकळे झाले असते. "हिनं एखादा पेपर जरा वाईट लिहिला असता तर काय बिघडलं असतं?" असं तिची आई भांडी लावता लावता म्हणाली, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

यादी रोज बदलत होती. मामानं सगळ्यात जुनं, नावाजलेलं कॉलेज पहिलं लिहायला लावलं. शेजारचे दंतवैद्य म्हणाले, तिथे नाव मोठं लक्षण खोटं, त्यापेक्षा नवं बरं. आईला घराजवळचं हवं होतं. लेक तशी शहाणी, पण तीही सकाळी एक म्हणायची आणि दुपारी दुसरंच. बुधवारी तिनं चौथी यादी फाडली, तेव्हा कुलुपवाले उठले. तीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला एवढं कळत होतं की, वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि कॉलेजं बघायला निघाले.

पहिल्या चार कॉलेजांत त्यांना फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही. सगळं वेबसाइटवर आहे, असं चौघा पहारेकऱ्यांनी एकाच सुरात सांगितलं. पाचव्या ठिकाणी ते गुरुवारी सकाळी पोचले. इथे कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच आवारात होतं आणि फाटकातून माणसांची रीघ लागली होती. ॲडमिशनचं कुठे विचारायचं, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. त्यानं मान न वळवता डावीकडे हात केला. तिथे खरोखरच 'ॲडमिशन' असं लिहिलेली खिडकी होती, आणि खिडकीत जिवंत माणूस बसलेला होता. कुलुपवाल्यांना तिथेच हे कॉलेज आवडलं.

कारकुनानं त्यांचं नाव आणि वय लिहून घेतलं. पालकाची माहिती आधी घेत असतील, असं त्यांना वाटलं.

"आधी कुठे दाखवलंय?" कारकुनानं विचारलं.

"चार ठिकाणी जाऊन आलो. कुठेच दाद लागली नाही."

"आणि बरोबर कुणी नाही? अशा वेळी एकटं येऊ नये, काका."

कुलुपवाल्यांनाही ते पटलं; लेकीला आणायला हवं होतं. पण कारकुनानं हातात कागद दिला आणि नऊ नंबरच्या खोलीत डॉक्टर बोलतील म्हणून सांगितलं. अर्ज भरण्याआधी डॉक्टर स्वतः बोलतात, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

नऊ नंबरात एक तरुण डॉक्टर बसला होता. आदल्या दिवसापासून तो घरी गेलेला नव्हता आणि त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "बोला काका, काय होतंय?" तीन आठवड्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे लेकीला विचारत, बापाला कोण विचारतो? कुलुपवाल्यांना भरून आलं.

"काय सांगू, डॉक्टरसाहेब. अन्न गोड लागत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी उठलं की पोटात गोळा येतो."

डॉक्टरचं पेन थांबलं. "गोळा? केवढा?"

"चांगलाच मोठा."

"वाढतोय का?"

"शनिवार जवळ येतोय तसा वाढतोय."

डॉक्टरनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. घरात आणखी कुणाला असं होतं का, हे त्यानं विचारलं. कुलुपवाल्यांनी खरं ते सांगितलं: बायकोला आहेच, मेहुणा त्यांच्या घरी राहतही नाही तरी त्याला सगळ्यांपेक्षा जास्त, आणि सुरुवात म्हणाल तर लेकीपासून झाली. डॉक्टरनं खुर्ची दोन वीत मागे सरकवली, खणातून मास्क काढला, एक स्वतः लावला आणि एक त्यांना दिला.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की, विचारायला उसंतच मिळाली नाही. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत त्यांना नेलं आणि हिरवे कपडे घालायला दिले. मामा म्हणाला होता की, चांगली कॉलेजं मुलांचं घराणंसुद्धा बघतात. पण इतकं बघत असतील, असं कुलुपवाल्यांना वाटलं नव्हतं. दोन छोट्या बाटल्या भरून रक्त काढलं तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तरी ते बोलले नाहीत. आपल्या एका शब्दानं पोरीची जागा जायला नको. त्यांनी लेकीला मेसेज पाठवला: 'ॲडमिशन झाली. दुसरा मजला, खाट सात.'

'कुणाची?' असा मेसेज आला.

त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, 'माझी, बहुतेक.'

अकराच्या सुमाराला मोठे डॉक्टर आले, आणि त्यांच्यामागे सात विद्यार्थी. मोठ्या डॉक्टरांनी केस पेपर वाचला, भुवया वर केल्या आणि सगळ्यांना पोट तपासायला सांगितलं. सहाजणांनी आळीपाळीनं दाबलं. पहिल्याला गोळा उजवीकडे लागला, दुसऱ्याला डावीकडे. तिसरा म्हणाला, गोळा हलता आहे. चौथ्यानं एका दुर्मीळ तापाचं नाव घेतलं, तो दर सात दिवसांनी उचल खातो म्हणे, त्यामुळे शनिवारचंही जमत होतं. मोठे डॉक्टर खूश झाले. कुटुंबातल्या सगळ्यांना, विशेषतः मेहुण्याला, आजच बोलावून घ्या, असं ते सांगू लागले. कुलुपवाल्यांना दरदरून घाम फुटला, आणि तोही कुणीतरी लिहून घेतला.

सगळ्यात मागे उभी असलेली एक मुलगी पुढे आली. तिनं पोटाला हात लावला नाही. "काका, तुम्ही आज इथे कशासाठी आलात?" तिनं विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," कुलुपवाले म्हणाले. "हे कॉलेज पहिल्या नंबरावर लिहावं की तिसऱ्या?"

मग एकेक प्रश्न विचारत त्या मुलीनं सगळं उलगडलं. लेक, मार्क, पाच रकाने, आणि शनिवार. कुलुपवाले मान खाली घालून हिरव्या शर्टाची नाडी चाळवत राहिले. चूक आपलीच, अशी त्यांची खात्री झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी मास्क काढला आणि ते खाटेच्या कडेला बसले. पांढऱ्या मिशांचा, रागीट चेहऱ्याचा माणूस. आता ओरडणार म्हणून विद्यार्थी भिंतीला टेकले.

"या केसमध्ये आपण नापास," ते म्हणाले. "ही एक सोडून सगळे. आणि पहिला मी. माफ करा हं, काका."

दारात लेक उभी होती. ती धावत जिने चढून आली होती आणि तिनं शेवटचं एवढंच ऐकलं होतं. बाप धडधाकट आहे हे कळायला तिला पाच मिनिटं लागली, हसू आवरायला आणखी पाच. मग मोठे डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले आणि मागे रेंगाळलेल्या विद्यार्थ्यांना तिनं हळूच विचारलं की, तुम्ही तुमची यादी कशी केली होती.

विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. एकानं मित्राची यादी उतरवून काढली होती. एकाची आत्या इथे जवळ राहत होती. एकानं घाईत पहिल्याच्या जागी तिसरं लिहिलं आणि ते आजतागायत घरी सांगितलेलं नव्हतं. दुर्मीळ तापवाल्याला तर काहीच ठरवता आलं नव्हतं, तेव्हा त्याच्या आजोबांनी डोळे मिटून बोट ठेवलं होतं. कुलुपवाले हे सगळं कान देऊन ऐकत होते. चौदा कॉलेजांची माहिती काढून काढून घरादाराची झोप उडाली होती, आणि इथे सगळी आंधळी कोशिंबीर.

"आणि ते सर," लेकीनं विचारलं, "मी चुकलो असं रोज म्हणतात?"

"रोज नाही," पोटाला हात न लावणारी मुलगी म्हणाली. "आठवड्यातून दोनदा."

लेक खाटेच्या पायथ्याशी बसली, मोबाइल काढला आणि दहा मिनिटांत अर्ज भरून टाकला. पहिल्या रकान्यात काय लिहिलं ते तिनं बापाला दाखवलं. ज्यांनी काही नसताना सहा वेळा पोट दाबलं, त्यांच्याच हाती पोरगी द्यायची, हे कुलुपवाल्यांना जरा जड गेलं. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज ठाम होता, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि आपली चप्पल शोधू लागले.

चप्पल सापडली, पण सिस्टर सोडेना. आजार लिहिल्याशिवाय पेशंटला सोडता येत नाही, असा नियम होता. काहीच झालेलं नाही असा आजार यादीत नव्हता. तरुण डॉक्टरनं डोकं धरलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांना परत बोलावलं. ते म्हणाले, एकदा खोटं लिहून झालंय, आता खरं लिहितो. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून खाली सही केली.

सिस्टरनं कागद हातात घेतला. निदान: मुलगी फार हुशार. उपचार: उपलब्ध नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग इकडेतिकडे बघून मोठ्या डॉक्टरांच्या जवळ सरकली.

"सर," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या धाकटीचा निकाल आहे. पोरगी पहिलीच येते वर्गात. आत्तापासून काही घेऊन ठेवता येईल का?"